सहा रविवारांची सुरी

मध्यमवर्गीय मराठी घरातली सर्वांत बोथट वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी फार लांब जावे लागणार नाही. ओट्याच्या कडेला, चमचे-झाऱ्यांच्या गर्दीत ती पडलेली असते. टोमॅटोवर ठेवली तर टोमॅटो चेपतो, कांद्यावर ठेवली तर घसरून बोटावर येते. मग घरातले कोणी तरी म्हणते, "ही टाका आता, नवी आणा." नवी येते आणि चार महिन्यांत जुनीसारखी होते. विळीला हा अपमान कधी सोसावा लागला नाही. ती सासूकडून सुनेकडे येई, झिजून झिजून पाते अर्धे होई, तरी घासली की पुन्हा कापी. पुढे ओटे उभे झाले, बसून चिरणे संपले, विळी माळ्यावर गेली आणि तिच्या जागी सुरी आली. पण विळीचे पोलाद काही सुरीत आले नाही!

ही सुरी आपणच घरी केली तर? प्रश्न ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेचे घिसाड्याचे बिऱ्हाड उभे राहते. भाता फुसफुसतो आहे, घरधनी सांडशीत लाल लोखंड धरून बसला आहे आणि घरधनीण उभी राहून घण घालते आहे. हे दृश्य आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कसे बसवायचे? सुदैवाने ते बसवण्याची गरजच नाही. भाजी चिरायची चांगली सुरी घण, ऐरण आणि भाता यांच्याशिवाय होते. तिला लागते ती कानस, आणि कानशीपेक्षाही जास्त लागतो तो धीर.

मुद्दा असा की सुरी करण्याच्या दोन वाटा आहेत. एक घडवण्याची. लोखंड तापवून, ठोकून, लांबवून त्याला आकार द्यायचा. ही लोहाराची विद्या आहे. हात बसायला वर्षे लागतात आणि शेजारी तितकी वर्षे थांबत नाहीत. दुसरी वाट कोरण्याची. योग्य जाडीची पोलादाची पट्टी घ्यायची आणि तिच्यात जे सुरी नाही ते कानशीने काढून टाकायचे. मूर्तिकार दगडाचे करतो तेच.

या छंदाचा अमेरिकेत मोठा बोलबाला आहे, आणि तिथल्या या क्षेत्रातल्या एका थोर कारागिराची सुरुवात आपल्याला धीर देणारी आहे. बॉब लव्हलेस हा व्यापारी जहाजावरचा खलाशी. १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध दुकानात तो फ्लोरिडाच्या रँडॉलने केलेली सुरी घ्यायला गेला. नऊ महिने थांबावे लागेल, असे उत्तर मिळाले. लव्हलेस तिथून निघाला, मोडीच्या दुकानातून जुन्या पॅकार्ड मोटारीच्या पाट्याचा तुकडा मिळवला आणि जहाजाच्या मुदपाकखान्यातल्या शेगडीवर तापवून त्याची सुरी केली. पुढे हाच माणूस पोलादाच्या पट्टीतून पाते कोरून काढण्याच्या पद्धतीचा आचार्य मानला गेला. त्याच्या हातच्या सुऱ्या संग्राहक आज जडजवाहिरासारख्या जपतात. त्या पहिल्या सुरीच्या वेळी त्याच्यापाशी कारखाना तर नव्हताच, पायाखालची जमीनसुद्धा स्थिर नव्हती.

हे सांगायचे कारण, या छंदात पडणारे बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी यंत्रे घेतात. परदेशात या कामाला दोन इंच रुंद आणि बहात्तर इंच लांब पट्टा फिरवणारे घासणीयंत्र सर्रास वापरतात. त्याची चित्रे पाहून आपल्याकडचा हौशी माणूस निदान हातातले चकतीचे ग्राइंडर तरी घेऊन येतो. ते सुरू केले की खोलीभर ठिणग्या उडतात, पडद्याला भोके पडतात आणि पलीकडच्या भिंतीला गॅसचे सिलिंडर उभे असते. शिवाय यंत्र जितक्या वेगाने काम करते तितक्याच वेगाने काम बिघडवते. क्षणभर हात रेंगाळला की पाते निळे पडते, म्हणजे तिथली कठिणता गेली. कानशीने अशी चूक करायची म्हटली तरी तासभर मेहनत करावी लागेल! म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की पहिल्या तीन सुऱ्या हातानेच कराव्यात. यंत्राचा मोह तोवर टिकला तर मग पाहावे.

जागा आणि हत्यारे

जागा किती लागते? गॅलरीचा तीन फूट कोपरा पुरतो. मात्र तिथले टेबल डुगडुगणारे नको, कारण कानशीचा निम्मा जोर डुगडुगण्यातच जातो. टेबलावर चार इंची शेगडा बोल्टांनी पक्का बसवावा. दुकानदार त्याला व्हाइस म्हणतो. त्याची उंची ठरवायची कारखान्यातली जुनी रीत सोपी आहे. शेजारी ताठ उभे राहून हात कोपरात दुमडावा. शेगड्याच्या जबड्याची वरची कड कोपराला लागली की उंची बरोबर. हे न पाहता शेगडा बसवणाऱ्याची पाठ दुसऱ्याच रविवारी तक्रार करू लागते.

हत्यारांत दहा किंवा बारा इंची चपटी खरड कानस, एक मध्यम आणि एक बारीक. लोखंड कापायची करवत. दोन मिलिमीटरच्या पट्टीसाठी इंचाला बत्तीस दातांचे पाते घ्यावे, दात पुढे रोखलेले. भोके पाडायला हाताचे किंवा विजेचे ड्रिल. निरनिराळ्या भरडीचे पॉलिशपेपर. एक लोहचुंबक, हा विसरू नये. त्याचे काम पुढे येणार आहे. कानशीला लाकडी मूठ बसवल्याशिवाय तिला हात लावू नये, नाही तर तिची टोकदार शेपटी तळहातात शिरते. नाकातोंडावर चांगला मुखवटा आणि डोळ्यांना चष्मा हवाच. लाकडाचा भुसा, त्यातही शिसवीचा, पुष्कळांना बाधतो.

पोलाद कोणते?

लोखंड आणि पोलाद यांतला फरक चिमूटभर कार्बनचा आहे. खिडकीच्या गजाच्या साध्या लोखंडात तो शेकडा पाव टक्क्याच्या आसपास असतो. त्याला कितीही तापवा, कितीही विझवा, ते मऊच राहते. सुरीला शेकडा पाऊण ते एक टक्का कार्बन हवा. आपल्या देशाला हे गुपित फार पूर्वी गवसले होते. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून केलेले पोलाद परदेशात 'वुट्झ' या नावाने जाई. त्याची नक्कल करता येते का, हे पाहण्यासाठी लंडनमध्ये स्टोडार्ट नावाच्या हत्यारे करणाऱ्या कारागिराबरोबर १८२० च्या सुमारास जो तरुण शास्त्रज्ञ भट्टीपुढे घाम गाळीत होता, तो म्हणजे पुढे विजेच्या शोधांनी अमर झालेला मायकेल फॅरडे. तो लोहाराचाच मुलगा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आज आपल्याला मोडीच्या बाजारात ट्रकचे पाटे, जुन्या कानशी, यंत्राच्या करवतीची तुटकी पाती असे पुष्कळ काही स्वस्तात दिसते. मोह होतो. पण पहिल्या सुरीसाठी मोड नको. पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते, आणि तो जाड असल्यामुळे ठोकून पातळ केल्याशिवाय भाजीच्या सुरीला उपयोगाचा नाही. यंत्राच्या करवतीचे पाते बहुधा अशा जातीचे असते की आपली कानस त्याच्यावर चालतच नाही. त्यापेक्षा पोलाद विकणाऱ्याकडून जात माहीत असलेली, दोन मिलिमीटर जाडीची, मऊ केलेली नवी पट्टी घ्यावी. अमेरिकन पद्धतीने १०७५ किंवा १०८४ अशी नावे असतात. शेवटचे दोन आकडे कार्बनचे. १०८४ म्हणजे शेकडा ०.८४. नवशिक्याला याहून समजूतदार पोलाद मिळणार नाही.

आकाराबद्दल एकच सांगणे. नऊ सेंटिमीटर पाते, साडेदहा सेंटिमीटर मूठ, रुंदी बावीस मिलिमीटर, अशी साधी भाजीची सुरी करावी. चिरंजीवांना जंबिया हवा असतो; तो हट्ट पुरवू नये. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरकामाची, शेतीची, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामाची हत्यारे तेवढी वगळलेली आहेत. भाजीची सुरी करणाऱ्याला या कलमांची भीती नाही.

पुठ्ठ्यावर आकृती काढून तो कापून हातात धरून पाहावा, आणि घरात जी व्यक्ती रोज भाजी चिरते तिच्याही हातात द्यावा. तिचा शब्द अखेरचा. मग आकृती पट्टीवर उतरवून करवतीने कापावी. मुठीची भोके आत्ताच पाडून घ्यावीत, कारण कठीण झालेल्या पात्याला भोक पाडणे म्हणजे दगडावर डोके आपटणे.

आता उतार, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजू सारख्या निमुळत्या करणे. इथे रविवार खर्ची पडतात. धारेच्या बरोबर मध्यावर रेघ हवी, आणि ती मारायची एक नामी युक्ती आहे. पट्टीच्याच जाडीचे ड्रिलचे पाते सपाट काचेवर आडवे ठेवावे. त्याचे टोक आपोआप निम्म्या उंचीवर येते. पट्टीही काचेवर आडवी ठेवून तिची कड त्या टोकावरून ओढली की मधोमध रेघ. कड आधी शाईच्या जाड पेनाने रंगवली तर ती रेघ लख्ख दिसते.

कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना ती उचलावी, नाही तर तिचे दात उगाच झिजतात. दातांत खडू घासून घेतला तर लोखंडाचा कीस अडकून बसत नाही. एका बाजूला पन्नास हात मारले की दुसऱ्या बाजूला पन्नास. घाई केली की उतार गोलसर होतो. आणि धारेकडे अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवून थांबावे. अगदी पातळ पाते आगीतून काढून तेलात घातले की पापडासारखे वाकडे होते. या कामाला घरातली बारा-तेरा वर्षांची मुलेही आनंदाने हात लावतात, आणि लावू द्यावा. पुढच्या कामाजवळ मात्र त्यांना फिरकू देऊ नये.

पोलादाला पाणी

आतापर्यंत झाली ती सुरी नव्हे, सुरीच्या आकाराचा मऊ पत्रा आहे. तिला सुरी करते ती आग. लोहार याला पाणी देणे म्हणतात. आपण द्यायचे ते पाणी मात्र तेलाचे! पाण्यात हे पोलाद इतक्या झपाट्याने थंड होते की पातळ पाते तडकण्याचा संभव फार. चार लिटर शेंगदाणा तेल लोखंडी उभट डब्यात घेऊन हाताला चांगले गरम लागेल असे, पन्नास-साठ अंशांपर्यंत, कोमट करावे. मोटारीचे काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून घेऊ नये. त्याचा धूर विषारी. डब्यावर बसणारे लोखंडी झाकण आणि वाळूची बादली हाताशी हवी. तेल पेटले तर झाकण घालून विझवायचे. पाणी ओतले तर जळते तेल अंगावर उडते.

हे काम घरात करायचे नाही. बंद खोलीत पेटलेल्या कोळशाचा वायू वास न येता जीव घेतो. उघडी गच्ची, अंगण किंवा गावाकडचे परसू हवे, आणि वेळ दिवेलागणीची. भर उन्हात लोखंडाचा रंग डोळ्यांना फसवतो, संधिप्रकाशात तो खरा दिसतो. लोहाराचे पाल झाडाच्या दाट सावलीत असते, ते केवळ उन्हाच्या त्रासामुळे नव्हे.

शेगडीत लाकडी कोळसा फुलवावा आणि केस वाळवायच्या यंत्राने किंवा हातपंख्याने वारा द्यावा. पाते लांब दांड्याच्या सांडशीत धरून निखाऱ्यांत मागेपुढे सरकवत राहावे, म्हणजे टोक जळून जात नाही. आधी काळपट लाल, मग चेरीसारखे लाल. आता लोहचुंबक! सुमारे सातशे सत्तर अंशांना पोलाद चुंबकाला ओळख देईनासे होते. चुंबक चिकटेनासा झाला की आणखी किंचित, रंगाची एक छटा उजळेपर्यंत तापवावे, म्हणजे आठशे-आठशे दहा अंश झाले. पाते सगळीकडे एकाच रंगाचे दिसले पाहिजे. दिसले की क्षणही न दवडता सरळ, टोक खाली करून तेलात. ते आडवे हलवू नये, खालीवर हलवावे. तेल फसफसते, वर ज्वाळ उठून विझते, आणि मनात दहा अंक मोजून होईपर्यंत सहा रविवारांचा निकाल लागलेला असतो.

निकाल वाचायचा तो कानशीने. जुनी कानस धारेवर हलकेच फिरवावी. चावली तर पाते मऊ राहिले, पुन्हा तापवावे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी चढले. आता पाते हातातून खाली पडू देऊ नका. या क्षणी ते काचेसारखेच ठिसूळ आहे आणि फरशीवर पडले तर दोन तुकडे होतील. म्हणून त्याच संध्याकाळी त्याचा कठीणपणा थोडा उतरवावा लागतो. स्वयंपाकघरातला केक भाजायचा ओव्हन यासाठीच देवाने निर्माण केला आहे असे वाटावे, इतका तो सोयीचा पडतो. दोनशे अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. पात्याचा एक भाग आधी घासून चकचकीत केला असेल तर त्याच्यावर वाळलेल्या गवताचा फिका पिवळा रंग चढलेला दिसतो. तपकिरी आला तर उष्णता जास्त झाली, निळा आला तर सुरीची स्प्रिंग झाली. पाते ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वी साबणाने स्वच्छ धुवावे. शेंगदाणा तेलाच्या जळक्या वासाचा केक कोणत्याही गृहिणीने आजवर हसून पोटात घातलेला नाही.

आणि ज्यांना गच्ची नाही, अंगण नाही, त्यांनी? त्यांनी आगीचा हट्ट सोडावा. भोसरी, अंबड अशा कारखान्यांच्या वस्त्यांत पोलाद तापवून कठीण करून देणारे व्यावसायिक असतात. एका पात्यासाठी कोणी भट्टी पेटवणार नाही, पण त्याच जातीच्या दुसऱ्या मालाबरोबर आपले पाते घालायला एखादा भला माणूस तयार होतो. पोलादाची जात तेवढी अचूक सांगता आली पाहिजे. नाही तर जवळचा लोहार गाठावा. त्याच्यापाशी उष्णतामापक नसतो, पण रंगाची पारख त्याच्या डोळ्यांत बापापासून आलेली असते. अर्धा तास त्याच्या भट्टीजवळ उभे राहून जे दिसते ते लिहून समजावता येत नाही. कारखान्यांतल्या हत्यारांनी त्याचे गिऱ्हाईक ओढून नेले आहे. खंडेनवमीला ऐरणीवर फुले वाहणारी घरे त्यामुळे कमी होत चालली. आपल्या पात्याच्या निमित्ताने त्याला त्याच्या विद्येचा मोबदला मिळाला तर त्यात घासाघीस करू नये.

मुठीचे काम यापुढे पोरखेळ वाटते. सुताराकडून शिसवी, बाभूळ किंवा चिंचेचे दोन वाळके तुकडे, चार मिलिमीटरची पितळी सळई आणि दोन नळ्यांतला डिंक, म्हणजे अ‍ॅराल्डाइट, एवढे पुरते. सळई बेताने ठोकावी, नाही तर लाकूड उकलते. बाकी आकार हात सांगतो, आणि शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात.

धार लावायला दुहेरी कार्बोरंडमचा दगड आणि थोडे पाणी. पात्याची दगडाशी तिरपाई पंधरा अंश असावी. अंश मोजायला कोनमापक नको. बावीस मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून पावणेसहा मिलिमीटर उचलली की पंधरा अंश होतात. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा सुरुवातीला बाजूला ठेवून अंदाज घ्यावा. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागू लागली की बाजू बदलावी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाच-सहा हात. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला जाईल, आणि तो कापल्याशिवाय घरातले कोणी स्वस्थ बसणार नाही.

एक गोष्ट घरात आधीच सांगून ठेवावी. ही सुरी चकचकीत राहणार नाही. कांदा, लिंबू, कच्ची केळी चिरली की पात्यावर करडे-निळे डाग पडतात. ते गंज नव्हेत. जुन्या विळीचे पाते जसे काळवंडे तसेच हे, आणि हळूहळू हा थरच पात्याला गंजापासून थोडे वाचवतो. पहिल्या काही दिवसांत लिंबाच्या फोडीला किंचित लोखंडी चव लागली तर घाबरू नये. मात्र काम झाल्यावर ती धुऊन लगेच पुसली पाहिजे. भांड्यांच्या ढिगात रात्रभर ओली पडली तर सकाळी तांबडी झालेली दिसेल. आणि पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस गावाला जायचे असेल तर कुलूप लावण्यापूर्वी पात्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून जावे.